शेअर बाजारासाठी कॉम्प्युटर घेताना



या सदरात आपण घरात येणाऱ्या यंत्रांविषयी बोलतो. फ्रिज झाला, पाण्याची मोटर झाली, मुलांच्या अभ्यासाचा टॅब झाला. या वेळचा विषय आम्ही निवडलेला नाही. महाड तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या फोनमुळे तो समोर आला.

फोन करणारे गृहस्थ बावीस वर्षं कुवेतला नोकरी करून आता घरी परतलेले. मुलगा बी.कॉम. झालेला, दोन वर्षांपासून मोबाईलवर शेअर्सची खरेदी-विक्री करणारा. त्याला आता कॉम्प्युटर हवा होता. शहरातल्या एका दुकानाने त्याला १ लाख ८५ हजारांचं अंदाजपत्रक करून दिलं होतं: आय-९ प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, भलंमोठं ग्राफिक्स कार्ड आणि चार मॉनिटर. पैसे होते, पण २०२१ च्या पुरानंतर वरच्या मजल्यावर एक खोली काढायची म्हणून ते बाजूला ठेवलेले होते. वडील म्हणाले, “भाई, मुलाच्या कामात आम्हाला आडवं यायचं नाही. पण हे सगळं खरंच लागतं का, तेवढं येऊन सांगा.”

आम्ही एका सोमवारी सकाळी गेलो. बाजार सव्वानऊला उघडतो, म्हणून नऊच्या आधीच पोहोचलो.

आधी मोजा, मग घ्या

मुलाकडे चुलत्याने दिलेला २०१७ चा लॅपटॉप होता. तो म्हणाला, “चाचा, हा बाजार उघडला की अडकतो. चार्ट हलत नाही, ऑर्डरचं बटण दाबलं तर गोल फिरत राहतं.” आम्ही त्याला टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्यावर किती ताण आहे, हे तिथे टक्क्यांत दिसतं. सव्वानऊ ते साडेनऊ ही बाजाराची सर्वांत गर्दीची वेळ. या पंधरा मिनिटांत जो आकडा शंभराला टेकतो, तोच भाग कमी पडतो आहे असं समजावं.

त्याचा प्रोसेसर पन्नासच्या आसपास होता. रॅम ९४ टक्के भरलेली, डिस्क १०० वर. म्हणजे प्रोसेसर मोकळा होता, पण चार जीबी रॅममध्ये जागा उरली नव्हती, म्हणून लॅपटॉप जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तात्पुरता माल नेऊन टाकत होता आणि परत आणत होता. दुखणं हे होतं. त्याला आय-९ हा इलाज नव्हे.

ज्यांना नवीन कॉम्प्युटर घ्यायचा आहे, त्यांनी असं पाच दिवस मोजून कागदावर लिहावं आणि तो कागद घेऊनच दुकानात जावं. दुकानदाराच्या यादीपेक्षा आपली यादी केव्हाही बरी.

कोणता भाग किती हवा

प्रोसेसर: चार्ट दाखवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका चार्टचं गणित बहुतेक वेळा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. त्यामुळे सोळा-चोवीस कोअर असण्यापेक्षा एकेक कोअर वेगवान असणं महत्त्वाचं. गेल्या तीन-चार वर्षांतला सहा कोअरचा आय-५ किंवा रायझन ५ घरगुती ट्रेडिंगला पुरतो. चार पिढ्या जुना आय-७ स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. नाव मोठं असलं तरी तो आजच्या आय-५ च्या मागे राहतो.

रॅम: ब्राउझरमधला प्रत्येक चार्ट काही शे एमबी खातो. त्यात बातम्यांचं पान, व्हॉट्सअॅप आणि एक्सेल. ८ जीबीत काम होतं पण कुंथत होतं. १६ जीबी घ्यावी. डेस्कटॉपमध्ये १६ ची एक पट्टी बसवण्याऐवजी आठ-आठच्या दोन बसवाव्यात, म्हणजे दोन्हीकडून माहितीची ने-आण होते. लॅपटॉप घेताना मात्र रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावर कायमची डकवलेली आहे, हे आधी विचारावं.

डिस्क: जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत आणि एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कित्येक पट. ५०० जीबीची एनव्हीएमई पुरे. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एकच गोष्ट बदलायची ऐपत असेल, तर डिस्क बदला.

ग्राफिक्स कार्ड: यावरच त्या अंदाजपत्रकातली सर्वांत मोठी रक्कम होती, आणि तेच सर्वांत अनावश्यक होतं. शेअरचा चार्ट म्हणजे काही रेघा आणि काही पट्ट्या. त्या काढायला प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुरेसं असतं, आणि दोन मॉनिटर तर ते सहज चालवतं. फक्त एक खबरदारी घ्या. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असतं, त्यात हे अंगचं ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला की मग कार्ड विकत घ्यावंच लागतं. आम्ही स्वतः पूर्वी एकदा असे फसलो आहोत.

मॉनिटर: माणसाला डोळे दोनच आहेत. चार पडद्यांवर चार बाजार पाहणारा माणूस एकही धड पाहत नाही, असा आमचा अनुभव. २४ इंचाचे, आयपीएस पॅनेलचे एक किंवा दोन पुरतात. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची छिद्रं किती आहेत, ते आधी मोजून घ्यावं.

मोठं यंत्र कुणाला लागतं?

लागतच नाही असं नाही. जुन्या भावांवर एखादी पद्धत तपासून पाहतात, त्याला बॅकटेस्टिंग म्हणतात. तिथे यंत्राची खरी कसोटी लागते. हिशेब करून पाहा. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे ३७५ मिनिटं. दर मिनिटाची एक नोंद आणि वर्षाला अंदाजे २५० दिवस धरले, तर एका शेअरच्या ९३ हजार ७५० नोंदी होतात. ५० शेअर आणि पाच वर्षं घेतली तर २ कोटी ३४ लाख. एक नोंद ४० बाइटची धरली तर हा सगळा माल १ जीबीच्याही आत बसतो. १६ जीबीच्या यंत्राला त्याचं काही वाटत नाही. पण ५०० शेअर आणि दहा वर्षं घेतली, की नोंदी ४६ कोटी ८७ लाखांवर जातात आणि माल १९ जीबीच्या जवळ पोहोचतो. तिथे ३२ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम आणि अनेक कोअरचा प्रोसेसर कामाला येतो.

मुलाला विचारलं, “तू कशावर तपासतोस?” तो म्हणाला, “तपासत नाही चाचा. चार्ट बघून घेतो.” मग ६४ जीबीचा प्रश्न तिथेच मिटला.

वेगाच्या शर्यतीविषयी

त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती. मोठ्या मशीनने ऑर्डर लवकर पोहोचते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. महाड ते मुंबई सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे नुसत्या अंतराला एक हजारांश सेकंदही लागत नाही. मधल्या यंत्रांमुळे प्रत्यक्षात दहा-वीस-तीस हजारांश लागतात. याउलट, पडदा पाहून बोट हलवायला माणसाला दोनशे हजारांश सेकंदांच्या पुढेच लागतात. प्रोसेसर बदलून आपलं बोट वेगवान होत नाही.

ज्यांची शर्यत खरोखर वेगाची आहे, त्यांची यंत्रं बाजाराच्याच आवारात भाड्याच्या जागेत ठेवलेली असतात आणि ऑर्डर माणूस नव्हे, प्रोग्रॅम टाकतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे आकड्यांत दिसतं. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्क्यांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, आणि सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. परदेशी संस्था आणि दलाल कंपन्या यांनी त्याच बाजारात नफा कमावला, आणि त्यांचा ९५ टक्क्यांहून जास्त नफा प्रोग्रॅमने टाकलेल्या ऑर्डरींतून आला. घरी बसून १ लाख ८५ हजारांच्या यंत्राने त्यांच्याशी धावायला निघणं म्हणजे सायकलला नवी घंटी लावून एस.टी.च्या पुढे जायला निघण्यासारखं आहे.

आपल्या भागातले खरे शत्रू

एवढ्यात मुलाची अम्मी चहा घेऊन आली. आमचं बोलणं ती आतून ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला: “पाणी आलं तर मशीन कुठं ठेवणार, ते आधी सांगा.”

अंदाजपत्रकात न बसलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा किती घरांचे आणि दुकानांचे तळमजले गेले, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आमचाही कॉम्प्युटर टेबलाखाली जमिनीवर होता. वर आमचा मूर्खपणा असा, की चार दिवसांनी तो वरवर सुकलेला दिसला म्हणून चालू केला. आत गाळ आणि ओल होती. बोर्ड जळला, सोबत डिस्कही गेली आणि अब्बांचे जुने फोटोही. भिजलेलं यंत्र कधीही चालू करू नये. वायर काढावी, लॅपटॉपची बॅटरी सुटी होत असेल तर ती काढावी, डिस्क वेगळी करावी आणि जाणकाराकडे न्यावी.

त्या पुरात एक गोष्ट मात्र बुडाली नाही. डीमॅट खात्यातले शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे नोंदलेले असतात, आपल्या कॉम्प्युटरमध्ये नसतात. यंत्र वाहून गेलं तरी शेअर जागेवर राहतात. कागदी सर्टिफिकेटांचा काळ असता तर त्यांचा लगदा झाला असता. पण लॉगिनच्या दुसऱ्या पायरीचा कोड जर एकाच मोबाईलमध्ये असेल आणि तो मोबाईल पाण्यात गेला, तर आपल्याच खात्याच्या दारात आपण अडकतो. म्हणून त्या कोडची मूळ किल्ली कागदावर लिहून घराबाहेर, विश्वासाच्या नातेवाईकाकडे बंद पाकिटात ठेवावी.

दुसरा शत्रू वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडातल्या कितीतरी गावांनी अनेक दिवस अंधारात काढले. तसे दिवस रोज नसतात, पण पावसाळ्यात दहा-पंधरा मिनिटांची ये-जा ठरलेलीच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार उचलतो. डेस्कटॉप आणि दोन मॉनिटर मिळून दीडशे वॅट धरले तर त्याची छोटी बॅटरी दहा-पंधरा मिनिटं काढते. चालू व्यवहार बंद करायला तेवढा वेळ पुरतो. घरात १५० एएचचा इन्व्हर्टर असेल तर हाच भार पाच-सहा तास चालतो. मात्र इन्व्हर्टरवरचं बटण यूपीएस मोडवर ठेवावं. दुसऱ्या मोडवर वीज बदलताना इतका वेळ जातो की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. अर्थिंग तपासून घ्यावं, आणि विजा कडाडू लागल्या की प्लग आणि राउटरची वायर, दोन्ही काढावं.

तिसरा शत्रू इंटरनेट. रस्त्याचं काम निघालं की फायबर तुटते, हे महामार्गालगतच्या लोकांना पाठ आहे. कॉम्प्युटरला यूपीएस दिला आणि राउटरला विसरलो तर उपयोग काय? राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावा. फायबर एका कंपनीची असेल तर मोबाईलचं सिम दुसऱ्या कंपनीचं असावं. आणि दोन्ही बंद पडलं तर? बऱ्याच ब्रोकरांकडे फोनवरून ऑर्डर घेण्याची सोय असते. तो नंबर आणि आपला ग्राहक क्रमांक कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा. कॉम्प्युटरमध्ये साठवलेला नंबर कॉम्प्युटर बंद पडल्यावर सापडत नाही.

चौथी आपली दमट हवा. जून ते सप्टेंबर यंत्र भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि काम नसलं तरी रोज तासभर चालू करावं. त्याच्या उबेने आतली ओल जाते.

मग काय घ्यावं?

डेस्कटॉप दुरुस्तीला सोपा, वाढवायला सोपा आणि त्याच पैशांत जास्त ताकदीचा. पोलादपूरच्या चढावर किंवा माडीवर राहणाऱ्यांनी तोच घ्यावा. पण पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांना आम्ही लॅपटॉपच सुचवतो. बॅटरी त्याच्या पोटातच असते, आणि पाणी चढू लागलं तर कुराण शरीफ, कागदपत्रं आणि लॅपटॉप एका पिशवीत घेऊन निघता येतं. घरी असताना त्याला एक बाहेरचा मॉनिटर जोडला की पडद्याची सोय होते.

आखातातून कुणी लॅपटॉप आणत असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. कीबोर्डवर अरबी अक्षरंही असू शकतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, त्यामुळे वायर बदलावी लागते. आणि वॉरंटी भारतात चालते का, हे बिल करण्याआधी कंपनीच्या इथल्या सेवा केंद्राला विचारावं.

जुना घेणाऱ्यांसाठी मोठी सूचना. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर. त्याआधीचं यंत्र लॅमिंग्टन रोडवर कितीही स्वस्त मिळालं तरी पैशांच्या व्यवहाराला घेऊ नये. याच कारणाने त्या मुलाच्या २०१७ च्या लॅपटॉपवर नवी डिस्क चढवायचा सल्ला आम्ही दिला नाही.

आणि हप्त्यांविषयी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या नावाला भुलू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. बहुतेक वेळा व्याज किमतीत मुरवलेलं असतं किंवा सवलत म्हणून दाखवलेलं असतं. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घराने रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव दोन्ही लेखी मागावेत. फरक दिसला की उत्तर मिळालं.

शेवटचा कागद

यंत्राचं ठरल्यावर आम्ही मुलाला आणखी एक काम सांगितलं. ब्रोकरच्या साइटवर वर्षाच्या नफ्या-तोट्याचं पत्रक मिळतं, ते उघड म्हटलं. तो थोडा थांबला. मग वडिलांकडे न बघता म्हणाला, “शेअर्समध्ये थोडं मिळालंय अब्बा. ऑप्शन्समध्ये गेलंय. मोठं मशीन आलं की भरून निघेल असं वाटलं होतं.”

किती गेलं, ते इथे लिहिणार नाही. वडील काही बोलले नाहीत. उठून मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले, आणि वजू करून आले.

फतवा देणं हे आमचं काम नाही. पण माहीत असावं म्हणून सांगतो, की जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ मध्येच ऑप्शनचे करार नाजायज ठरवले आहेत. जे हातात आलेलं नाही ते विकण्याविषयी आपल्याकडचे आलिमही सावध करतात. हलाल धंद्याच्या कंपन्यांचे शेअर घेऊन ते ताब्यात ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. निफ्टीचे शरिया निर्देशांक याच कामासाठी आहेत. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावं. आणि अशा गुंतवणुकीला सेकंदांची घाई नसते. भाव ठरवून जीटीटी ऑर्डर लावून ठेवता येते. ती ब्रोकरच्या सर्व्हरवर बसते, घरची वीज गेली तरी. सौदा होईलच याची हमी तीही देत नाही, पण जुमाच्या नमाजेला जाताना पडद्याकडे वळून वळून बघावं लागत नाही.

त्या घरी शेवटी १६ जीबीचा मधला लॅपटॉप, २४ इंचाचा एक मॉनिटर आणि राउटरचा छोटा यूपीएस आला. अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी पैशांत. तोही रोखीने. मुलाने ऑप्शन्सचा विभाग खात्यातून बंद करून घेतला आणि एका दुकानाचे जीएसटीचे हिशेब लिहायला घेतले. त्यासाठीही तोच लॅपटॉप चालतो. उरलेले पैसे खोलीकडे गेले. परवा फोन आला, जिना चढला आहे, स्लॅब पावसाआधी पडेल, इन्शाअल्लाह. अम्मीने टेबलाची जागाही ठरवली आहे. खिडकीपासून दोन हात आत, जमिनीपासून बारा फूट वर.

पुढच्या महिन्यात घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणि तिच्यातलं पाणी यांविषयी बोलू. तोवर अल्लाह हाफिज.